सगळे थांबायचे ती जागा

आमच्या बाबांना एकच सोनाटा ठाऊक होता, आणि तोही अर्धाच. ठाऊक म्हणजे ऐकून. बाबांनी स्वतः कधी कुठलं वाद्य वाजवलं नाही. ते मेस्त्री होते, गंगाराम मेस्त्री. जामसंड्याच्या इतर सुतारांनी घरांचे वासे आणि होड्यांच्या फळ्या तासल्या. बाबांनी मुंबईत एका वाद्यांच्या दुकानाच्या मागच्या खोलीत बसून वीस वर्षं व्हायोलिनं आणि चेलो दुरुस्त केले.

चेलो म्हणजे व्हायोलिनचा थोरला भाऊ. तो खांद्यावर मावत नाही. खुर्चीवर बसून दोन गुडघ्यांमध्ये उभा धरायचा आणि आडवा गज ओढून वाजवायचा. आवाज वडीलधाऱ्या पुरुषाच्या गळ्यासारखा. बाबांच्या दुकानात तो न्यायला शिकणारी मुलं यायची, पारश्यांची, गोवेकरांची. नवशिकी नव्हेत आणि तयारही नव्हेत, मधल्या परीक्षेची. दुरुस्ती बरी झाली की नाही हे पाहायला ती बाहेरच्या खुर्चीवर बसून वाजवून बघायची, आणि सगळी तेच वाजवायची, कारण मधल्या परीक्षेला वर्षानुवर्षं तोच सोनाटा लागलेला. इटलीतल्या कुणाचा तरी, दोनअडीचशे वर्षांपूर्वीचा. त्याचे चार भाग. पहिला संथ, दुसरा चपळ, तिसरा पुन्हा संथ आणि चौथा पुन्हा चपळ. दुसऱ्या भागाच्या मध्यावर एक जागा आहे, तिथे डावा हात चेलोच्या मानेवरून एकदम खाली पोटापाशी न्यावा लागतो. तिथे पोर अडखळायचं, ओशाळून हसायचं, "ठीक आहे, मेस्त्री," म्हणायचं आणि चेलो घेऊन निघून जायचं. बाबा मागच्या खोलीत लाकूड चिकटवायच्या सरसाचं भांडं ढवळत बसलेले असायचे.

"वीस वर्सां मी थंयसरच ऐकलंय," बाबा सांगत. "मगे फुडे काय होता, ता माका कधी कळलाच नाय."

हे ते हसत सांगत. पण दर वेळी सांगत.

सत्तावन साली बाबांची छाती धरली. लाकडाचा भुसा आणि वॉर्निशचा वास वीस वर्षं आत गेला, त्याचं हे, असं डॉक्टर म्हणाले. अठ्ठावन साली ते कायमचे गावी आले. येताना बोटीने एक मोडका चेलो घेऊन आले. त्याची मान तुटलेली, पोटाला वीतभर चीर. मालक विलायतेला निघून गेला होता, आणि दुकानवाल्याने बाबांना सांगितलं होतं की नेऊन चुलीत घाला. देवगडच्या बंदरावरून दोन गडी तो पांढऱ्या कापडात गुंडाळून खांद्यावरून घेऊन आले तेव्हा आई पडवीत उभी होती.

"लोक मुंबैसून ट्रंको हाडतत," ती म्हणाली. "तुमी मढा हाडलात."

तो चेलो दुरुस्त करायला बाबांनी वर्ष घेतलं. खोकला कमी असेल त्या दिवशी तासभर काम, नाहीतर नाही. तारा टेकवायला फणसाच्या लाकडाची नवी घोडी केली, मान बसवली, चीर सांधली. मी तेव्हा पंधरा वर्षांची होते. शाळा सुटली होती आणि लग्न ठरायचं होतं. बाबांचा हात धरायला, पेचकस द्यायला मीच असायची. म्हणून चेलो उभा राहिला तेव्हा तो माझाच, असं कुणी न म्हणताच ठरलं.

शिकवायला पास्कू मास्तर आले. ते पेडण्याकडचे, मुंबईत चेलो शिकवायचे आणि बाबांच्या दुकानात त्यांची ऊठबस होती. संधिवाताने त्यांच्या डाव्या हाताची तीन बोटं आत वळली, तसं मुंबईतलं काम सुटलं. घरी जायचं तर गोव्याची वाट परवान्याशिवाय बंद. बाबांनी पत्र घातलं की परवाना मिळेपर्यंत आमच्याकडे येऊन राहा. मास्तर आले आणि आमच्या आंब्याच्या बागेतल्या मांगरात, म्हणजे राखणीच्या खोपटात, दोन वर्षं राहिले. आईने त्यांच्यासाठी वेगळी कपबशी ठेवली होती, निळ्या काठाची. सहा महिन्यांनी ती कपबशी घरच्या भांड्यांत मिसळली, आणि मग कोण तीत चहा पितो हे कुणी पाहीनासं झालं.

मास्तरांना स्वतः वाजवता येत नव्हतं. ते माझ्यासमोर बसून गायचे, पायाने ताल धरायचे आणि चुकलं की माझ्या कोपरावर पेन्सिल मारायचे.

"मधला वर्ग सगळ्यांत वाईट, बाये," ते म्हणायचे. "नवशिक्याला वाटतं आपल्याला येणार. शिकलेल्याला येतं. मधल्याला फक्त कळतं की आपल्याला येत नाही."

तो सोनाटा त्यांनी आठवणीतून माझ्यासाठी लिहून काढला. त्याला दोन पदर होते. वरचा पदर शिकणाऱ्याचा, सगळी चाल त्याच्यात. खालचा मास्तरचा, नुसते संथ खर्जातले सूर, एकेक पाऊल टाकल्यासारखे. मुंबईत तो खालचा पदर मास्तर दुसऱ्या चेलोवर वाजवायचे. इथे चेलो एकच. खालचं त्यांनी गायचं आणि वरचं मी वाजवायचं, असं आमचं चालायचं. दोन वर्षांत मी पहिला भाग आणि दुसरा अर्धा, म्हणजे बरोबर त्या जागेपर्यंत पोचले. बाबा पडवीत पडून ऐकायचे. मी त्या जागेवर अडखळले की पडवीतून खोकल्यासारखं हसू यायचं.

मग गोवा मोकळा झाला. बासष्टच्या जानेवारीत मास्तर निघाले, त्यांना एक दिवससुद्धा थांबवत नव्हतं. सोनाट्याचे कागद माझ्या हातात दिले. "आता तुझी तू," म्हणाले. पोचल्याचं एक पत्र आलं. त्यानंतर काही नाही.

त्याच सुमाराला बाबांनी मला जवळ बोलावलं. डॉक्टर येऊन गेले होते आणि बाबांना जे समजायचं ते समजलं होतं.

"सुगंधे, ता फुडला तू शिक," ते म्हणाले. "पण माका तुकडे ऐकव नको. तुकडे ऐकानच माझो जलम गेलो. एकदाच ऐकव, सुरवातीपासून अखेरपर्यंत. दोनय पदरांनी. माका तितक्याच होया."

मी हो म्हटलं.

त्या दिवसापासून मी ती जागा ओलांडून पुढचं वाजवायला बसले की बाबा काठी घेऊन खाडीकडे चालायला लागायचे. पावसाळ्याआधी त्यांचं चालणं थांबलं, तेव्हा मी चेलो मांगरात नेला. कागदावरचे सूर एकेक करून ओळखायचे, बोट ठेवायचं, पुसायचं, पुन्हा ठेवायचं. शिकवणारा नाही, विचारायला कुणी नाही. ती जागा मला आषाढात जमली. त्या दिवशी मी मांगरातून धावत घरापर्यंत आले आणि पडवीच्या पायरीवरून परत फिरले, कारण सांगायचंसुद्धा नव्हतं.

खालच्या पदराचं काय करायचं हा प्रश्न होता. तो सुटला बाबलीमुळे. बाबली शेजारच्या वाडीतला, दशावताराच्या कंपनीत पायपेटी वाजवायचा. जत्रांच्या दिवसांत तो गावोगाव फिरे आणि पावसाळ्यात घरी शेती करी. मी त्याला खालचा पदर सारेगमात लिहून दिला. भातलावणी उरकली तसा तो दुपारचा मांगरात येऊन बसायला लागला. पेटी त्याने तिथेच आणून ठेवली होती.

बाबली हुशार होता, पण त्याची सगळी उमर गाणाऱ्यामागून जाण्यात गेली होती. नट जो सूर घेईल तो क्षणात उचलायचा आणि सावलीसारखं मागून जायचं, ही त्याची विद्या. मी वरची चाल सुरू केली की चार पावलं तो आपल्या वाटेने जायचा आणि पाचव्याला त्याची बोटं आपोआप माझ्या चालीवर यायची.

"बाबली, तू परत माझ्या मागसून इलंस."

"इलंय खरो," तो कपाळ पुसायचा. "चेडवा, ह्या असला कसला गो गाणा? गाणारो एका वाटेन आणि पेटी दुसऱ्या वाटेन. घोव-बायल भांडान चलल्यासारख्या."

आई आम्हाला पेज घेऊन आलेली असायची. ती म्हणाली, "मगे तुका जमाक होया. तुझ्या घरात रोज ताच चलता."

बाबली हसला नाही असं नाही, पण मग त्याने मनावर घेतलं. माझ्याकडे पाठ करून बसायला लागला. कानात कापूस घालायला लागला. भाद्रपद संपता संपता तो शेवटपर्यंत आपल्या वाटेने गेला आणि पेटीचा भाता सोडून देऊन म्हणाला, "आज पयल्यांदा माका वाटला, पेटयेक पण काय सांगूचा आसा."

तेव्हाच बाबांना ऐकवायला हवं होतं. हे मी पुढे किती वेळा मनात म्हटलं त्याचा हिशेब नाही. पण त्याच आठवड्यात पावसाळी हवेने चेलोचा सरस सुटला आणि पोटाची चीर पुन्हा उघडली. बाबांनी खाटेवर बसून ती सांधली. सरसाचं भांडं मी धरायची, ब्रश ते धरायचे, आणि दोघांच्या मध्ये आई त्यांची पाठ धरून बसायची. त्या कामाला दीड महिना गेला. तोवर कार्तिक उजाडला आणि बाबली कंपनीबरोबर निघून गेला.

मार्गशीर्षात कंपनीचा नाटकाचा मुक्काम शेजारच्या वाडीच्या देवळात पडला. एकच रात्र. दुसऱ्या दिवशी तिथून कणकवलीकडे. बाबलीने निरोप पाठवला की दुपारी येतो, दिवेलागणीपर्यंत मोकळा आहे. बाबांना आदल्या दिवशी पाणीसुद्धा चमच्याने पाजावं लागलं होतं. निरोप ऐकल्यावर त्यांनी दाढी करून मागितली.

सकाळी आईने मला न्हाऊ घातलं. केसांना जास्वंदीची फुलं घालून उकळलेलं घरचं खोबरेल लावलं, वेणी घट्ट घातली. मग मी गड्याला घेऊन देवळाकडे गेले, बाबलीची पेटी डोक्यावरून आणायला हवी होती. परत यायला दोन तास लागले. आल्यावर पडवी सारवलेली, बाबांची खाट दारातून बाहेर काढलेली, खुर्ची मांडलेली, चेलो पुसून तिला टेकवून ठेवलेला. वाडीतली दोनचार माणसं येऊन बसली होती.

बाबली पेटीशी बसला. मी चेलो गुडघ्यांत घेतला, तारा पेटीशी मिळवल्या, गज उचलला आणि पहिला सूर ओढला.

आवाज आला नाही.

गज तारेवरून नुसता घसरला, ओल्या दगडावरून पाय घसरावा तसा. पुन्हा ओढला. श्वास सोडल्यासारखी फुस्स एवढंच. मी राळेचा खडा घेऊन गजावर घासला. गजाचे केस म्हणजे घोड्याच्या शेपटीचे केस. त्यांना राळेची कोरडी पूड लागलेली असली तरच ते तारेला धरतात. खडा केसांवरून सुळकन गेला आणि त्याच्या मागे पिवळट चिकटा उरला.

"काय झाला?" बाबली म्हणाला.

मी गज नाकाजवळ नेला. माझ्या वेणीचा वास गजाला येत होता.

आई दारात उभी होती. तिच्या चेहऱ्यावर नुसती काळजी होती. "मिया सकाळी तेका तेल पण लावलंय," ती म्हणाली. "किती रुखे झालेले केस. रोज दोनचार तुटतत, मिया बघतंय मा. आणि कोंडो कितको धरलेलो, पांढरो. सगळो पुसान काढलंय आणि बरा तेल जिरवलंय. तरी असा कसा?"

मी तोंड उघडलं होतं. काय बोलणार होते ते आज सांगवत नाही, पण ते आईला लागलं असतं आणि जन्मभर लागलं असतं.

"हाड हंय," बाबा म्हणाले आणि हात पुढे केला.

मी गज त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो डोळ्यांजवळ नेला, अंगठ्याने केस दाबले, बोट नाकाला लावलं. वीस वर्षं हेच काम केलेला माणूस. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. नुसतं पाहिलं, आणि मी तोंड मिटलं.

"हवा लागली," ते म्हणाले. "रातचा दंव पडता. केसांका हवा लागली की असाच होता."

"मगे तेल?" आईने विचारलं.

"तेल लावलंस ता बरा केलंस. नायतर सगळेच तुटले असते."

"मिया कालच म्हणत होतंय, ती खिडकी लावन घेया म्हणान," आई म्हणाली. तिच्या आवाजात थोडा राग आला आणि काळजी कमी झाली.

मी बाबांना विचारलं, गळ्याने म्हणू का. त्यांनी मान हलवली. बोटांनी तारा छेडून वाजवू का. तेही नको. "माझ्या लाकडासून ऐकूचा होता," एवढंच म्हणाले. मग बाबलीकडे वळून म्हणाले, "बाबली, तू वाजय."

"मी? एकलो?"

"तुझा तू वाजय. अखेरपर्यंत."

बाबलीने भाता दाबला. तो नुसता खालचा पदर, त्याला ना चाल ना रंग, दुपारच्या उन्हात कुणीतरी एकटं चालत जावं तसा. वाडीतली माणसं एकमेकांकडे बघायला लागली. थोड्या वेळाने मला ऐकू आलं की त्यावर काहीतरी चाललं आहे. बाबा गुणगुणत होते. वरची चाल. आवाज नव्हताच जवळजवळ, मध्येच श्वास तुटायचा, पण एक सूर चुकीचा नव्हता. पहिला भाग सगळा झाला. दुसरा सुरू झाला, तशी त्यांची बोटं खाटेच्या कडेवर ताल धरायला लागली. दुकानातल्या त्या सगळ्या पोरांचं वाजवणं त्यांच्या छातीत साठलेलं होतं.

मग ती जागा आली. बाबा थांबले.

पेटी पुढे गेली. बाबलीने मान वर करून पाहिलं, पण हात थांबवला नाही. दुसऱ्या भागाचा उरलेला अर्धा, सगळा तिसरा, सगळा चौथा, तो एकटा जात राहिला. मी खुर्चीवर बसून होते. वरचा प्रत्येक सूर माझ्या बोटांत होता. डाव्या हाताची बोटं तारांवर सरकत होती, बरोबर जिथे सरकायला हवी तिथे, आणि उजव्या हातात काही नव्हतं. बाबा माझी ती बोटं बघत होते. डोळे बारीक करून, अंधुक अक्षर लावावं तसे. त्यांना त्यातून काय लागलं, लागलं की नाही, मला माहीत नाही.

शेवटी पेटी दोन सूर खाली उतरली आणि राहिली.

"सपला?" बाबांनी विचारलं.

"सपला," बाबली म्हणाला. त्याचा शर्ट घामाने भिजला होता.

"बरा वाजयलंस. कोणाच्या मागसून गेलंस नाय."

आईने सगळ्यांना चहा दिला. बाबली दिवेलागणीला गेला. पेटी गड्याच्या डोक्यावर उताराने खाली जाताना मी पाहत होते.

मी गज मांगरात नेला, आईला दिसू नये म्हणून. रिठे भिजत घालून त्याच्या फेसात केस धुतले, एकदा, दोनदा, तीनदा. तेल निघालं. पण पाण्याने केस धरून ठेवणारी टोकाकडची पाचर सुटली आणि केसांची अख्खी बट माझ्या हातात आली. गजाला केस बांधणारा आमच्या सगळ्या मुलखात एकच माणूस होता, आणि त्याला आता चमचाही धरता येत नव्हता. ती बट मी कागदात गुंडाळून ठेवली. तिसऱ्या दिवशी सकाळी बाबा गेले.

चौसष्ट साली माझं लग्न झालं. सत्यवान, म्हणजे माझे यजमान, मुंबईला गिरणीत होते, मी गावी सासरी. चेलो माहेरीच राहिला. तो केस सुटलेला गज माझ्या ट्रंकेत होता आणि त्यांनी कधी तो कशाचा म्हणून विचारलं नव्हतं. एकोणसत्तर साली विचारलं. मी सांगितलं. पुढच्या खेपेला येताना ते तो नव्याने केस बांधून घेऊन आले.

त्याच वर्षी मार्गशीर्षात बाबांच्या तिथीला मी माहेरी गेले. दुपारी सगळे पांगल्यावर चेलो काढला. बाबांनी सांधलेली चीर तशीच धरून होती. राळ लावली, तारा मिळवल्या. आई खिडकीपाशी तांदूळ पाखडत बसली होती. सात वर्षांत तिने त्या दिवसाची गोष्ट किती जणांना सांगितली होती. एवढी तयारी, आणि नेमकी त्या दिवशी हवा लागली, असं ती सांगायची.

मी वाजवायला लागले. आवाज चांगला आला, जाड, भरलेला. पहिला भाग झाला. दुसरा सुरू झाला. बोटं सगळं विसरली असतील असं वाटलं होतं, पण ती काही विसरली नव्हती. ती जागा जवळ आली, हात खाली उतरायला निघाला, आणि मी गज उचलला.

पुढचं येत होतं. सगळं येत होतं.

सूप थांबलं. "थांबलंस कित्याक गो?" आई म्हणाली. "फुडे काय होता?"

मी तिच्याकडे पाहिलं. तिच्या केसांत आता एक काळा केस नव्हता, पण तेल रोज लागत होतं.

"केसांका हवा लागली, आये," मी म्हटलं.

आईने सूप खाली ठेवलं, गुडघ्यावर हात टेकून उठली आणि खिडकी लावून घेतली.